वस्तीसकट

बाईंकडे केबलचं कनेक्शन मागायला गेलेल्या माणसाला आधी एकच प्रश्न विचारला जाई, "घरात दहावीला कोन हाय?" कुणी असलं तरी कनेक्शन मिळे. पण फेब्रुवारी लागला की बाईंचा वायरमन त्या घरापुढच्या खांबावर चढून तार सोडवून ठेवी, आणि परीक्षा संपल्यावरच ती परत जोडली जाई. घरमालक तावातावाने भांडायला यायचा. "बाई, पैसे आमी भरायलो आन् तार तुमी तोडायल्या, हे कुठलं बरं?" बाई म्हणायच्या, "पोरगं तुजं हाय, पर त्याच्या मार्काची काळजी मलाच हाय." एकेकाळी तो माणूसही बाईंच्या हाताखालून गेलेला असायचा. तो निमूटपणे घरी जायचा आणि महिनाभर बायको-मुलांची बोलणी खायचा.

हल्ली डिश कंपनीचं आणि चॅनलवाल्यांचं बिनसलं की एखादं चॅनल अचानक गायब होतं आणि पडद्यावर पट्टी फिरायला लागते. दोघंही म्हणतात, चूक समोरच्याची. माझ्या घरात तेव्हा सगळे चिडतात, रिमोट आपटतात. मला मात्र बाई आठवतात आणि या वयातही उगाच मान ताठ होते. हे भांडण मी परभणीजवळच्या मानवतमध्ये अगदी जवळून पाहिलं आहे, आणि ते करणारी बाई माझी घरमालकीण होती.

मी तेव्हा बँकेत नवी नवी लागलेले आणि पहिलीच बदली मानवतला झालेली. साताऱ्याकडची मुलगी, कापसाच्या गाड्यांनी गजबजलेल्या त्या पेठेत कुणी ओळखीचं नाही. बाईंच्या गच्चीवरची खोली मिळाली. बँकेतल्या एका गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, तिथं राहणार? ते घर वस्तीला लागून आहे, माहीत आहे ना?" मी म्हटलं, "खोली हवेशीर आहे." ते म्हणाले, "हवेचं नाही हो म्हणत मी." ते कशाचं म्हणत होते ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं. मग विषय तिथेच संपला.

घर वस्तीला लागून नव्हतं. वस्तीतलं ते पहिलंच घर होतं, आणि त्याची मागची भिंत पेठेच्या गल्लीला टेकलेली होती. बाई त्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, मग शिक्षिका, मग जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तेव्हा भावाने म्हशी घ्यायला सांगितलं, पुतण्याने पिठाची गिरणी सुचवली. बाईंनी फंडाच्या पैशातून गच्चीवर ही थोरली डिश बसवली. "म्हशीला वैरण लागती," त्या सांगायच्या, "हिला नुसतं आग्नेयेकडं तोंड करून बसवलं की ही दुनिया दाखवती." पेठेतल्या काहींना पहिल्यांदा ते जड गेलं. वस्तीतल्या गच्चीवरून आपल्या दिवाणखान्यात तार यायची म्हणजे काय! पण पलीकडे क्रिकेट होतं, सिनेमे होते, आणि गावात दुसरी डिश नव्हती. सोवळ्याने जरा दम खाल्ला, आणि हळूहळू सगळ्या पेठेत बाईंची तार गेली.

माझ्या खोलीचं दार त्या डिशकडेच उघडायचं. एकदा मी तिच्या दांडीला दोरी बांधून साडी वाळत घातली. पाच मिनिटांत बाई जिना चढून हजर. "तुजी ओली साडी बगून अख्ख्या पेठेत पाऊस पडायलाय गं!" खरोखरच घरोघरी चित्रावर ठिपके उडत होते. त्यानंतर मी साड्या खालीच वाळत घातल्या.

बाईंच्या बोलण्याची एक गंमत होती आणि ती नव्या माणसाला महागात पडायची. माया असली की त्या वस्तीतलं बोलायच्या, लय, हाय, न्हाई, सगळं. राग आला की पुस्तकातलं शुद्ध मराठी सुरू. आवाज चढत नसे, उलट खाली येई, आणि एकेक अक्षर घासून पुसून बाहेर पडे. "आपण जरा बसता का?" असं बाईंनी म्हटलं की जाणत्या माणसाने आधी माफी मागावी.

चॅनलांकडेही त्या वर्गातल्या पोरांसारखं बघायच्या. खेळांचं चॅनल हुशार पण बडबडं, बातम्यांचं घोकंपट्टी करणारं. गाण्यांचं एक होतं, ते वाया गेलेलं. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला त्या ते सरळ बंद करून टाकायच्या. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दोन घास सुखानं खा की."

आणि फळा. केबलवाले रिकाम्या चॅनलवर स्वतःचे सिनेमे लावायचे, तसं बाईंकडेही एक रिकामं चॅनल होतं. त्यासाठी त्यांनी शाळेतून लिलावात घेतलेला एक फळा उभा केला आणि त्यासमोर लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडून घेतलेला जुना कॅमेरा ठेवला. रोज सकाळी खडूने सुविचार, खाली गावाच्या कामाच्या गोष्टी. लाईट कधी जाणार, नळाला पाणी कधी, कुणाची शेळी हरवली. अक्षर असं की बघत राहावं. पेठेतल्या म्हाताऱ्या नातवंडांना टीव्हीपुढे बसवून ते गिरवून घ्यायच्या. आणि एखादं चॅनल दिसत नसलं तर त्याचं कारण फळ्यावर हमखास असे. "लोकांनी घरात वस्तू लावली, तर ती कामून बंद हाय हे त्यांना कळाय पायजे," असं त्यांचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात सिनेमाचं चॅनल बिघडलं. आवाज येई, पण चित्र असं की माणसं चुलीवरच्या मेणासारखी वितळताना दिसत. वायरमनने डिश फिरवून पाहिली, तारा तपासल्या. दोष आमचा नव्हताच. ते चॅनल चालवणाऱ्या कंपनीनेच त्याला कुलूप लावलं होतं. त्यांचा बॉक्स घ्यायचा, घरामागे दर महिन्याला पैसे भरायचे, तर चित्र सरळ. पेठेत हलकल्लोळ झाला, कारण रविवारचा सिनेमा म्हणजे तिथे सणच. बाईंनी फळ्यावर लिहिलं, "सिनेमाचे चॅनल बंद आहे. कंपनीच्या माणसाशी बोलणी होणार आहेत."

तो माणूस औरंगाबादहून आला. गुळगुळीत दाढी, हातात कातडी बॅग, बोलणं गोड. मी सुटीची घरीच होते, चहा मीच केला. त्याने विचारलं, "किती घरं आहेत तुमच्याकडे?" बाईंनी आकडा सांगितला. होता तसा, पूर्ण.

त्याने कप खाली ठेवला आणि हसला. "बाई, खरा आकडा कोण सांगतं? ह्या लाइनीत सगळे चौथा हिस्सा सांगतात. कंपनीलाही ते माहीत असतं. तुम्ही असं करा, पेठेतली घरं तेवढी सांगा. ही पलीकडची वस्ती धरूच नका. कंपनीचा साहेब तपासायला आला तरी तिकडे थोडाच शिरणार आहे? आणि त्या लोकांचं काय जातंय, चित्र त्यांनाही दिसेलच की."

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. बाईंनी पदर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

"एकदम बरोबर."

"त्या वस्तीतलं पहिलं घर म्हणजे हेच, आपण बसला आहात ते. हे धरायचं की नाही?"

त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तसं नव्हतं म्हणायचं मला बाई, मी आपलं धंद्याचं बोललो."

"मीही धंद्याचंच बोलते आहे. जेवढी घरं आहेत तेवढी सांगणार. वस्तीसकट."

"त्या आकड्याचे पैसे झेपणार नाहीत तुम्हाला."

"मग दर कमी करा. घरं कमी होणार नाहीत."

तो बॅग उचलून गेला आणि बॉक्सचं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. फळ्यावर नवी ओळ आली, "सिनेमाचे चॅनल बंद आहे. कारण, कंपनीशी मतभेद."

पेठेला मतभेदाशी काय देणंघेणं! लोक जिन्याखाली येऊन ओरडू लागले. दोघाचौघांनी चिडून तार काढायला लावली. एका कापडवाल्याने तर पेठेतल्या लोकांना गोळा करून स्वतःची डिश आणायचं बोलणं सुरू केलं. बाईंचं घर त्या तारेवर चालत होतं आणि फंड सगळा गच्चीवर उभा होता. पेठ गेली असती तर डिशीला गंज चढायला वेळ लागला नसता. मला झोप लागेना, बाईंना लागत होती.

तो कापडवाला एकदा समजूत घालायला आला. तोही बाईंचाच विद्यार्थी. "बाई, सगळी दुनिया आकडा कमी सांगायलीय. तुमालाच कामून एवढं खरं बोलायचंय?"

"बरं," बाई म्हणाल्या. "कमी सांगते. तुझं घर गाळते."

"माजं कामून?"

"का? चित्र तर तुला दिसेलच की."

कापडवाला डोकं खाजवत उठला आणि चप्पल घालून निघून गेला. पण जाताना डिशचं बोलणं त्याने काढलं नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

त्याच्यापेक्षा अवघड गेलं ते आबांचं येणं. आबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. खुर्ची असून ते पायरीवरच टेकले. म्हणाले, "बाई, आमाला गाळा तुमी. कंपनीच्या हिशेबात न्हाई तर न्हाई. तार हाय, चित्र दिसायलंय, आजून काय पायजे? आमच्यापायी तुमचं बुडायला नगं."

मला वाटलं, आता बाई शुद्ध बोलणार. पण त्या उठून पायरीवर आबांशेजारी बसल्या. "आबा, जलमभर गाळूनच घेतलं की आपून. पाण्यावर गाळलं, देवळात गाळलं. आता स्वतःच्या पैशानं टीव्ही बगायला बी गाळून घ्यायचं व्हय?"

"तसं न्हाई बाई..."

"मंग कसं?"

मी जिन्यात उभी होते. खरं सांगायचं तर तोपर्यंत मला हा सगळा बाईंचा हट्ट वाटत होता. एका सिनेमाच्या चॅनलपायी एवढं कशाला, असं मी त्यांना बोललेही होते. त्या दोघांना पायरीवर तसं शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं आणि माझं शहाणपण आता पुरे, असं माझं मलाच वाटलं.

मग संक्रांत आली आणि संक्रांतीलाच नामांतर झालं. इतकी वर्षं ज्या नावासाठी मोर्चे निघाले, घरं जळाली, माणसं गेली, ते नाव विद्यापीठाला लागलं. वस्तीत माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. पेठेत काही दुकानं बंद होती आणि कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. बाईंनी त्या दिवशी सुविचार लिहिला नाही. फळा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसला आणि विद्यापीठाचं नवं नाव पूर्णच्या पूर्ण लिहिलं, एवढंच. ते पेठेतल्या घराघरात दिसलं. खालून कुणीतरी ओरडलं, "ते पुसा!" बाईंनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "शुद्धलेखनाची काही चूक आहे का?" चूक नव्हती. नाव दिवसभर राहिलं.

त्याच महिन्यात कंपनीने जिल्ह्यातल्या सगळ्या केबलवाल्यांना परभणीला बोलावलं. मुंबईचा साहेब येणार होता. बाईंनी मला रजा टाकायला लावली आणि आम्ही एस.टी.ने गेलो. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या हॉलमध्ये जिल्हाभरचे केबलवाले जमले होते. गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर गॉगल, आणि त्यात पांढऱ्या नऊवारीतल्या बाई, मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या ओळीत.

साहेब एकेकाला उभं करून घरं विचारू लागला. बोरीचा म्हणाला, "आमच्याकडं काय साहेब, बोटावर मोजायला बी कमी." चारठाण्याच्याने तर गावात टीव्हीच नाहीत असं सांगितलं, आणि मागे खसखस पिकली. खुद्द परभणीच्याने एवढासा आकडा सांगितला की साहेबालाही हसू आलं. हसत हसत तो लिहून घेत होता. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत होतं.

बाई उभ्या राहिल्या, मानवतचा आकडा सांगितला आणि पुढे म्हणाल्या, "वस्तीसकट."

मागून एक जण कळवळून बोलला, "बाई, बसा की खाली. तुमच्यामुळं आमी मरायलो!" साहेबाचं पेन थांबलं होतं. "मानवत? परभणीच्या दुप्पट?" त्याला वाटलं ही बाई फुगवून सांगतेय. काहीतरी डाव असणार, जास्त घरं दाखवून अख्ख्या तालुक्याचा हक्क मागेल. आकडा कमी करणारी माणसं त्याने जन्मभर पाहिली होती, खरा सांगणारं कुणी त्याच्या बघण्यातच नव्हतं.

"मी तपासायला येईन," तो म्हणाला.

"अवश्य या," बाई म्हणाल्या. "सुरुवात माझ्या घरापासून करू."

तो खरंच आला. जीप पेठेच्या तोंडाशी उभी राहिली आणि साहेब पेठेकडे वळला, तेव्हा बाईंनी त्याला उलट्या बाजूला नेलं. पहिलं बाईंचं घर, मग वस्ती. मी मागे मागे. गल्लीत बातमी आधीच पोचली होती, दारांत माणसं उभी होती. साहेब तारा बघत, मान हलवत चालला होता. आबांच्या दारापाशी तो थांबला. वरून तार आत गेलेली दिसत होती, पण दार लोटलेलं होतं. बाईंनी हाक मारली. आबा बाहेर आले.

साहेबाने विचारलं, "तुमच्याकडे केबल आहे का?"

आबांनी बाईंकडे बघितलं. एवढ्यावरच सगळं होतं. नाही म्हटलं असतं तर बाईंच्या आकड्यातलं एक घर कमी झालं असतं, त्याचे पैसे वाचले असते, आणि आबांच्या मनात हेच होतं हे मला दिसत होतं. बाईंनी त्यांना खूण केली नाही. त्या दुसरीकडे, कडुलिंबाकडे बघत उभ्या राहिल्या.

"हाय," आबा म्हणाले. मग जरा मोठ्यांदा, "हाय की! बाईचीच हाय. या ना आत, बगा." आणि दार सताड उघडून त्यांनी साहेबासाठी खुर्ची पुसली. साहेब आत जाऊन बसला. आबांच्या सुनेने पाणी दिलं, ते तो प्यायला. बाहेर आला तेव्हा त्याने पुढचं विचारणं सोडून दिलं होतं, तो नुसता बाईंच्या मागून चालत होता. वस्ती संपली, पेठ झाली. पेठेत तो कापडवाला दुकानातून उठून रस्त्यावर आला आणि न विचारता म्हणाला, "आमचं बी घर लिवा साहेब. बाई सांगतील त्योच आकडा खरा हाय."

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाला, "बाई, जिल्ह्यात हा एकच आकडा मला मुंबईत डोळे मिटून सांगता येईल. दराचं मी बघतो." त्याने बघितलं. दर उतरला, बॉक्स आला, आणि रविवारी पेठेत आणि वस्तीत एकाच वेळी सिनेमा लागला. त्या वर्षी कंपनीच्या हिशेबात परभणी जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं गाव मानवत होतं. परभणीच्या केबलवाल्यांनी पुढे कितीतरी दिवस बाईंचं नाव काढलं की कपाळाला हात लावला.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी चित्र सरळ होईल त्या दिवशी बाई पेढे वाटतील. वाटले नाहीत. फळ्यावर लिहिलं, "सिनेमाचे चॅनल सुरू झाले आहे," आणि खाली नेहमीसारखी हरवलेली शेळी.

पंधरवडा गेला असेल. दुपारची वेळ, आम्ही दोघी शेंगा निवडत बसलो होतो आणि आबा आले. पायरीवर टेकले नाहीत. थेट घरात येऊन खुर्ची ओढली आणि आवाज चढवला. "बाई, हे काय चालवलंय तुमी? दोन दिस झाले आमच्याकडं चित्र हालायलंय. पेठेत निस्तं आरशावानी दिसतंय मनं! पैसे आमी बी भरायलो ना? का फुकट बगायलो? तार नीट लावून द्या, न्हाईतर तुमच्या त्या साहेबाला सांगतो!"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. वस्तीतून कधी कुणी तक्रार केली नव्हती. चित्र जावो, आवाज जावो, मिळेल ते बघत बसायचे आणि वर बाईंचे आभार मानायचे. आता बाई शुद्ध बोलणार या भीतीने मी त्यांच्याकडे बघितलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "चुकलं आबा, आमचंच चुकलं," त्या उठत म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता बगते." वायरमन बाजारात गेला होता. त्याची वाट न बघता बाईंनी शिडीचं एक टोक उचललं, दुसरं आबांनी, आणि दोघं भर उन्हात वस्तीकडे निघाले. आबा आपल्या दारापर्यंत भांडत गेले, आणि बाई त्यांच्या दारापर्यंत ऐकत गेल्या.